तिकीट नंबर

१ जुलै १८६५. मुंबईच्या कोटात, टाउन हॉलसमोर तुम्ही छत्री धरून उभे आहात. दलालांचे घोळके आज नेहमीसारखे ओरडत नाहीत. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा हा दिवस, आणि ज्यांनी लाखांचे आकडे लिहून दिले त्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट आहे. गेली चार वर्षे हे शहर अमेरिकेतल्या यादवीवर जगले. तिथल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलचे व्यापारी वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला मागाल तो भाव देऊ लागले. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, दलाल प्रेमचंद रायचंदांच्या एका शब्दावर शेअर चढले आणि उतरले. एप्रिलमध्ये तिकडचे युद्ध संपले. आज इकडे दिवाळे निघते आहे.

गिरणगाव, म्हणजे मुंबईतली गिरण्यांची वस्ती, समजून घ्यायचे तर सुरुवात या दिवाळ्यापासून करावी. सट्ट्यातून वाचलेला पैसा यानंतर हळूहळू भिंती, बॉयलर आणि यंत्रे शोधू लागतो. तुम्ही उत्तरेला ताडदेवकडे चालत निघालात तर कावसजी नानाभाई दावरांची गिरणी दिसेल. १८५६ पासून ती सूत काढते आहे. शहरात अशा दहा-एक गिरण्या आहेत, त्याहून जास्त नाहीत. पण सगळी जुळणी झालेली आहे. बंदर आहे, कापूस आहे, भोरघाटातून रेल्वे दोन वर्षांपूर्वीच खाली उतरली आहे. चार वर्षांनी सुएझचा कालवा खुला होईल आणि विलायतेहून यंत्रे येण्याचा वेळ निम्म्यावर येईल. मुंबईचे सूत गाठोड्यांनी चीनला जाऊ लागेल. परळ, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, वरळी या भागांत आज वाड्या आणि भाताची खाचरे आहेत. शतक संपेपर्यंत गिरण्या ऐंशीच्या घरात जातील.

एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही. ती रत्नागिरीहून गलबताने येईल, साताऱ्याहून घाट उतरून येईल. माणसे.

२४ एप्रिल १८९०. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तुम्ही गर्दीत घुसता. दहा हजार कामगार जमले आहेत आणि व्यासपीठावर नारायण मेघाजी लोखंडे आहेत. ‘दीनबंधू’चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. पुढे जे घडते ते नीट पाहून ठेवा. दोन गिरणीकामगार बायका उठून उभ्या राहतात आणि एवढ्या पुरुषांसमोर भाषण करतात. मागणी एकच, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दिवस उगवताना आत शिरायचे आणि मावळल्यावर बाहेर पडायचे, यंत्र बंद पडेल किंवा सण असेल तेव्हाच उसंत, असा तो काळ आहे. १० जूनला मालक रविवारची सुट्टी मान्य करतात. तुम्ही आज ज्या रविवारी आरामात उठता, तो कोणीतरी मागून, भांडून घेतलेला आहे.

पुढची वर्षे भराभर मागे टाका. १८९६चा प्लेग, ओस पडलेल्या चाळी, गावाकडे पळणारी माणसे. १९०८चा जुलै. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून गिरण्या सहा दिवस बंद, शिक्षेच्या दर वर्षाला एक दिवस. आता थांबा.

१९२७. पहाटेचा अंधार. भोंगा झाला आहे. तुम्ही परळच्या एका गिरणीच्या दरवाजाबाहेर बदलीवाल्यांच्या रांगेत आहात. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तर त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. घ्यायचे की नाही हे साहेब ठरवत नाही, मॅनेजर ठरवत नाही. जॉबर ठरवतो. तोच कामावर घेतो, तोच काढतो, खोली तोच बघून देतो, उसने पैसे तोच देतो आणि व्याजही तोच घेतो. तुमच्या गावचा असेल तर बरे. नसेल तर पहिल्या पगारातला वाटा त्याच्या हातावर ठेवावा लागेल.

तो तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, “कुठल्या गावचा? जात काय?”

या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचा पुढचा सगळा पगार अवलंबून आहे. तुम्ही मराठा, कुणबी, भंडारी सांगितलेत तर साळखात्याचा, म्हणजे विणकामाचा रस्ता मोकळा आहे. तिथे पैसे जास्त. महार सांगितलेत तर तो रस्ता बंद. तुमची पाठवणी रिंगखात्यात, सूत काढायला. कारण लेखी नियमात सापडणार नाही, ते साच्याजवळ, म्हणजे मागाजवळ, उभे राहिल्यावर सापडते.

चला, साळखात्यात शिरू. आत पाऊल टाकताच कान बंद होतात. शेकडो साचे एकदम चालताहेत. माणसे एकमेकांशी ओठांच्या हालचालीवर आणि हाताच्या खुणांवर बोलतात. खिडक्या मुद्दाम बंद ठेवल्या आहेत, वाफ सोडली आहे, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. तुमचा सदरा पाच मिनिटांत अंगाला चिकटतो आणि तरंगणारी कापसाची तूस भुवयांवर, मिशांवर, नाकात बसते. एका विणकऱ्याकडे दोन साचे. धोटा ताण्यातून इकडून तिकडे असा धावतो की नजर ठरत नाही. धोट्यातली कांडी संपते. विणकरी साचा थांबवतो, नवी कांडी घालतो, धोटा तोंडाशी नेतो आणि बाजूच्या छिद्राला ओठ लावून जोरात श्वास आत ओढतो. सुताचे टोक छिद्रातून बाहेर येते. धोटा परत साच्यात. क्षणभराचे काम, दिवसातून शेकडो वेळा.

तोच धोटा दुसरा माणूसही तोंडाला लावणार. सवर्ण विणकऱ्यांना अस्पृश्याच्या ओठांचा धोटा चालत नाही. बस, एवढ्यावर हजारो माणसांचा जास्तीचा पगार अडवला गेला. पुढच्या वर्षीच्या मोठ्या संपात मागण्यांची यादी होईल, तेव्हा सर्व खाती सर्वांना खुली करा ही मागणीही घ्या, असा आग्रह डॉ. आंबेडकर धरतील. गिरणगावच्या एकजुटीची गाणी आपण फार प्रेमाने आठवतो, आणि ती एकजूट खरीही होती. पण तिच्या पोटात हे भोक होते हे सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर तो त्या रिंगखात्यातल्या माणसांवर अन्याय होईल.

कांड्या भरायच्या खात्यात बायका आहेत, पुष्कळ आहेत. त्यांनाही नीट बघून घ्या. पुढच्या तीन-चार दशकांत त्यांची संख्या घटत घटत नगण्य होईल. रात्रपाळीला बायका चालत नाहीत, बाळंतपणाचा भत्ता नको, नवे यंत्र आले, दर वेळी कारण निराळे आणि घरी बसणारी बाई.

बाहेर चिमण्या धूर ओकताहेत. तरी बऱ्याच गिरण्यांची चाके आता कोळशाच्या वाफेवर फिरत नाहीत. लोणावळ्याच्या बाजूला टाटांनी धरणे बांधली, १९१५ पासून खोपोलीला ते पाणी खाली पडते आणि वीज होऊन परळला येते. ज्या घाटावरून माणसे आली त्याच घाटाचे पाणी त्यांचे साचे फिरवते.

संध्याकाळी जॉबर तुम्हाला खोलीत नेऊन सोडतो. सरकारच्या नव्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या आहेत, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला. एकूण २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात एका गावची दहा-बारा माणसे. वळकट्या भिंतीशी, ट्रंका मांडणीवर, प्रत्येकाची दोरी वेगळी. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे कोणा विधवेची किंवा कामगाराच्या बायकोची खोली. महिन्याचा हिशेब वहीत, पैसे पगाराच्या दिवशी. बाई पहाटे चारला उठते आणि पंधरा-वीस पुरुषांच्या भाकऱ्या थापते. तिच्या या कामाची नोंद कुठल्याच पगारपत्रकात नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९७५ साली, प्रेमाताई पुरव या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढतील आणि बँकेचे कर्ज मिळवून देतील.

१९२८ साली संपाने गिरण्या बंद पडतात. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्माला येते. डांगे, अर्जुन आळवे या पुढाऱ्यांची नावे चाळीचाळीत पोचतात. सहा महिने पगार नसताना माणसे टिकली ती गावामुळे. एक पाय परळला आणि एक पाय शेतात, असेच हे लोक जगले. मनिऑर्डर तिकडे जायची, अडीनडीला तांदूळ-नाचणी इकडे यायची. हे गणित लक्षात ठेवा, ते पुन्हा लागणार आहे.

आता १९४६. या सालात रस्त्यावर पाहण्यासारखे खूप आहे, पण मी तुम्हाला एका कायद्याच्या कागदापाशी नेतो. मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका उद्योगात वाटाघाटी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला. कापड गिरण्यांत ती संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराचा विश्वास दुसऱ्या कोणावर असेल तर? मालकाच्या टेबलासमोर बसायचा त्या दुसऱ्याला हक्क नाही. मान्यता बदलून घ्यायची वाट कागदावर होती, प्रत्यक्षात ती काट्याकुट्यांनी भरलेली होती. पुढची कित्येक दशके हा कायदा कामगाराच्या गळ्यात अडकलेला राहिला.

मधल्या काळात गिरणगावाने महाराष्ट्राला काय दिले ते इथल्या मैदानात उभे राहून ऐका. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या कलापथकाला हजारोंनी श्रोते. हमाल, गिरणीतला पोऱ्या, शाळेतला शिपाई अशी कामे करत कवी झालेले नारायण सुर्वे. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला तेव्हा मोर्च्यात गिरणीकामगार होते, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी जे हुतात्मे झाले त्यांत गिरणगावची नावे बरीच आहेत. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती या लोकांच्या जोरावर. नंतर त्यांना मुंबईत काय मिळाले, तो हिशेब पुढे येतोच.

१९७८च्या सुमारास लालबागला या. दुपारचे साडेतीन. पहिली पाळी सुटते, दुसरी आत जाते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. चिवड्याची दुकाने, मसाल्याच्या गिरण्या, भारतमाता सिनेमासमोरची गर्दी. गिरण्यांत अडीच लाखांच्या आसपास माणसे. सगळे कसे भक्कम दिसते.

पण आत जाऊन यंत्रे पाहा. बापाने चालवलेला साचाच मुलगा चालवतो आहे. नफा झाला तेव्हा तो नव्या यंत्रात घातला गेला नाही, बऱ्याच मालकांनी तो रसायनांत, इतर धंद्यांत वळवला. सरकारने १९५६ पासून गिरण्यांना मागांची संख्या वाढवू दिली नाही, हातमाग वाचावा म्हणून. हातमाग त्याने वाचला नाही, वाढला यंत्रमाग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत शेड उभ्या राहिल्या. तिथे कर कमी, मजुरी कमी, युनियन नाही, आठ तासांचा हिशेब नाही. गिऱ्हाइकाला टेरिलीन हवे होते आणि ते स्वस्त मिळू लागले. मालकाने हळूच विचार केला की विणायचे कशाला, कापड भिवंडीहून घ्यावे आणि गिरणीचा शिक्का मारावा. चाळीत बसलेल्या कामगाराला यातले काही दिसत नव्हते. त्याला एवढेच दिसत होते की इंजिनीअरिंग कारखान्यातला शेजारी त्याच्याहून जास्त पगार आणतो.

त्या शेजाऱ्याच्या युनियनचा पुढारी होता डॉ. दत्ता सामंत. ऑक्टोबर १९८१मध्ये प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार बोनससाठी भांडत होते. ते घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले.

१८ जानेवारी १९८२. आज भोंगा होतो आणि कोणी आत जात नाही.

पहिल्या महिन्यात चाळीत सणासारखे वातावरण आहे. जो तो सांगतो, महिना-दोन महिने, डॉक्टर पगारवाढ घेणारच. मागण्या साध्या आहेत: वाढ हवी, बदलीवाल्यांना कायम करा, आणि ४६चा तो कायदा रद्द करा. तुम्ही चाळीतल्या खोलीतच मुक्काम करा, बाहेर जाऊ नका, कारण हा संप रस्त्यापेक्षा खोलीत जास्त लढला गेला. मार्चमध्ये घरातला रेडिओ जातो. मे महिन्यात पोरे गावाला जातात आणि शाळा उघडली तरी त्यांतली काही परत येत नाहीत. पावसाळ्यात तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघतात, त्यानंतर मंगळसूत्रातले मणी. गावाहून तांदूळ येतो, घाटावरून ज्वारी येते, पण शेतीला आधीच भाऊबंदांची तोंडे आहेत. बाई चार घरची धुणीभांडी धरते. बाप्या दाराशी बसून असतो आणि कोणी ओळखीचा कामावर गेला का, याची चौकशी करत राहतो. ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीसच बंड करतात, कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरतात, दोन दिवस वाटते की आता काहीतरी होणार. काही होत नाही.

का होत नाही? गोदामे न खपलेल्या कापडाने भरलेली होती. मालकाला घाई नव्हती. बंद गिरणीचा त्याला रोजचा तोटा होण्याऐवजी मजुरी वाचत होती आणि माल भिवंडीहून येत होता. डॉक्टरांचे आजवरचे विजय नफ्यात चाललेल्या कारखान्यांतले होते, जिथे एक दिवस बंद म्हणजे मालकाचे नुकसान. हा फरक त्यांनी ओळखला नाही, आणि ज्यांना ओळखता येत होता त्या दिल्लीतल्या सरकारने ठरवले होते की सामंतांना जिंकू द्यायचे नाही. संपाने गिरण्या मारल्या हे वाक्य आजही मुंबईत सर्रास ऐकू येते. माझे मत स्पष्ट आहे. गिरण्या पंचवीस वर्षे आतून पोखरल्या जात होत्या. संपाने मालकांना त्या बंद करायची सबब दिली आणि तिची सगळी किंमत कामगारांनी भरली. लाखाहून अधिक लोक कामावर परत गेलेच नाहीत. संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. १९८४ला याच मतदारांनी डॉक्टरांना लोकसभेत पाठवले, १९९७च्या जानेवारीत त्यांचा गोळ्या घालून खून झाला, तरी संप कागदावर चालूच आहे.

शहराची पडझड इथे संपते असे वाटेल. माझ्या दृष्टीने खरा घाव यानंतरचा आहे, आणि तो कचेऱ्यांत बसून घातला गेला.

१९९१. गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन आहे, शहराच्या अगदी मधोमध. कापडाला भाव नाही, जमिनीला आहे. सरकार नियम करते की जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, उरलेला मालकाला. चांगला नियम. १९९६ला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या गटाने सांगितले की सुट्या सुट्या गिरण्यांचा विचार करू नका, सगळ्या जमिनीची एकत्र आखणी करा, स्टेशनांच्या आसपास मोकळी जागा ठेवा. अहवाल पडून राहिला. २००१ला नियमाची एक ओळ बदलली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, गिरणीच्या आवारात जी मोकळी जागा आधीपासून पडीक असेल तेवढ्याचीच. म्हणजे गिरणी पाडल्यावर रिकामी होणारी जमीन वाटणीतून बाहेर. शहराचा वाटा एका ओळीने आक्रसला. उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला होता, पण ७ मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तोच उचलून धरला. मधल्या काळात, २००५ला, सरकारी गिरण्यांचे लिलाव झाले. मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना.

२९ सप्टेंबर २०१७, सकाळचे साडेदहा. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर तुम्ही अडकला आहात. पाऊस पडतो आहे म्हणून कोणी खाली उतरत नाही, मागून लोक येतच आहेत. हे स्टेशन चालत कामावर जाणाऱ्या गिरणीकामगारांच्या वस्तीतले आहे. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले आणि लाखो माणसे विरार, कल्याण, पनवेलहून रोज इथे उतरू लागली, पूल मात्र तोच अरुंद. त्या सकाळी २३ माणसे चेंगरून मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर लागताच, मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण गेले. पहिली घटना गर्दीची, दुसरी आगीची, असे लिहून मोकळे होता येत नाही. स्टेशनाजवळ मोकळी जागा ठेवा म्हणून सांगणारा अहवाल एकवीस वर्षे सरकारदरबारी होता.

आता आजच्या तारखेला या. गिरणीकामगार दत्ता इस्वलकरांनी १९८९पासून बंद गिरण्यांच्या कामगारांना एकत्र केले, उपोषणे केली, आणि गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर हा हक्क सरकारकडून मान्य करून घेतला. २०२१ला ते गेले. घरांसाठी अर्ज दीड लाखाहून जास्त आहेत. २०१२च्या पहिल्या सोडतीपासून सोडतीत लागलेली घरे सोळा हजारांच्या आसपास. उरलेल्यांना मुंबईबाहेरच्या शेलू, वांगणीचा पत्ता दाखवला जातो, आणि सत्तरी-ऐंशीतली माणसे त्याविरुद्ध आझाद मैदानात येऊन बसतात. ती भीक मागत नाहीत. १९९१च्या नियमाने जी जमीन घरांसाठी राखली होती तिच्यातला वाटा मागताहेत, आणि तो मुंबईतच मागताहेत. त्यांचा मोर्चा दिसला तर रस्ता अडला म्हणून चिडू नका, दहा मिनिटे थांबून त्यांच्याशी बोला.

आणि तुमच्या घरात कोणी गिरणीत असेल, आजोबा, मामा, खानावळ चालवणारी आजी, तर माळ्यावरची ट्रंक आजच उघडा. पगाराची पावती, ईएसआयचे कार्ड, फंडाचा कागद, तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक, असलेला पास, जे सापडेल ते जपून ठेवा, त्याच्या प्रती काढा. घराच्या हक्कासाठी १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा द्यावा लागतो. गिरण्यांची दप्तरे बहुतेक नाहीशी झाली आहेत, आणि कित्येक कुटुंबांकडे तो एक नंबर एवढाच पुरावा आहे.